शिमग्यापुरती वाट

आंबेकोंडच्या मधल्या वाडीत राजाभाऊ गोताडांच्या अंगणापासून वर डांबरी रस्त्यापर्यंत त्रेचाळीस पायऱ्या आहेत. ही पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, जांभ्या दगडाची आहे, मध्ये एक वळण आहे आणि वळणावर फणसाचं मूळ वर आलेलं आहे. अकरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, राजाभाऊ स्वतःच्या हापूसवरून पडले. तेव्हापासून कमरेखाली त्यांना काही कळत नाही. झाड अजून उभं आहे आणि आंबा देतं. राजाभाऊ त्याला नावं ठेवत नाहीत. चूक फांदीची होती, असं ते म्हणतात.

रत्नागिरीला तपासणीला जायचं, देवरूखला बँकेत जायचं किंवा लग्नाला जायचं, तर चार माणसं लागत. लाकडी खुर्चीला दोन बाजूंनी बांबू बांधायचे, राजाभाऊंना त्यात बसवायचं, व्हीलचेअर पाचव्याने डोक्यावर घ्यायची आणि त्रेचाळीस पायऱ्या चढायच्या. वाडी या प्रकाराला ‘राजाभाऊची पालखी’ म्हणत असे. पालखीला आदल्या दिवशी वर्दी द्यावी लागे. चौघांपैकी एकजण हमखास सकाळी गायब असे. उरलेले तिघे अंगणात उभे राहून चौथ्याला शिव्या घालत आणि राजाभाऊंच्या बायकोला, कुसुमला, सांगत, “वयनी, जरा कमी वाढा यांना. मागल्या वेळेपेक्षा भरलेत.”

राजाभाऊ मिक्सर, पंप आणि लाऊडस्पीकर दुरुस्त करत. गिऱ्हाईक खाली येई, त्यामुळे धंद्याचं अडत नव्हतं. अडत होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. अकरा वर्षांत ते एकदाही उगीच बाहेर गेले नव्हते. प्रत्येक वेळी जायला कारण लागे आणि ते कारण पाच माणसांना पटावं लागे. ‘कंटाळा आलाय, जरा स्टॉपवर बसून येतो’ हे चार माणसं आणि दोन बांबू गोळा करण्याइतकं वजनदार कारण नव्हतं.

ग्रामपंचायतीने हा प्रश्न मनावर घेतला होता, असं म्हणायला हरकत नाही. तीन वर्षांपूर्वी एक इंजिनिअर येऊन पाखाडी मोजून गेला. त्याने पायऱ्यांवर सरळ काँक्रीटचा उतार दाखवणारा नकाशा काढला. राजाभाऊंनी नकाशा बघितला आणि विचारलं, “खाली ब्रेक कुठं लावायचा?” इंजिनिअर म्हणाला, “उताराला कठडा आहे ना.” राजाभाऊ म्हणाले, “कठडा बाजूला हाय. मी जाणार सरळ.” नकाशाप्रमाणे सरळ गेल्यावर आधी गोताडांचं न्हाणीघर आणि मग वहाळ, म्हणजे ओढा, लागत होता. नकाशा कपाटात गेला. त्यानंतर तीन डिसेंबरला, अपंग दिनाला, राजाभाऊंचा सत्कार झाला. पंचायतीच्या सभागृहाला सात पायऱ्या आहेत. तिथे नेऊन त्यांना शाल देण्यात आली.

खरं म्हणजे वाट होती. राजाभाऊंच्या अंगणाच्या उजव्या हाताला, टेकडीला वळसा घालत हळूहळू चढणारी, साडेतीनशे फुटांची. ती रघूच्या काजूच्या बागेतून जाई आणि थेट रस्त्याला लागे. रघू राजाभाऊंचा चुलतभाऊ. अंगण आणि बाग यांच्यामध्ये रघूचा गडगा होता, म्हणजे एकावर एक दगड रचून घातलेली कमरेएवढी भिंत. वर्षातले दोन दिवस तो गडगा चार फूट दोन इंच उघडला जाई. राजाभाऊंनी मोजलं होतं. व्हीलचेअर सव्वीस इंच होती.

ते दोन दिवस शिमग्यातले. ग्रामदेवाची पालखी घरोघर फिरते तेव्हा तिला खालच्या चार घरांतही यावं लागतं आणि पाखाडीवरून ती येत नाही. वळणावर दांडी फणसाला लागते. राजाभाऊंच्या आजोबांच्या काळात एकदा लागली होती, पालखी कलली होती आणि देवाची चांदीची रूपं, म्हणजे मुखवटे, जागची हलली होती. तेव्हा वाडीने एका बैठकीत ठरवलं की देवाला पायऱ्या नकोत. दुसऱ्या दिवशी गडगा फोडला. तेव्हापासून दरवर्षी पालखीच्या आदल्या दिवशी दगड काढतात, वाट झाडतात, खळगे मातीने भरतात, पाणी मारून चोपतात. पालखी गेली की रघू दगड पुन्हा रचतो. मागच्या वर्षी ढोलाचा आवाज पलीकडच्या वाडीत पोचायच्या आत त्याने शेवटचा दगड ठेवला होता.

दरवर्षी त्या दोन दिवसांत राजाभाऊ स्वतःच्या हाताने चाकं फिरवत तीन-चारदा रस्त्यापर्यंत जाऊन येत. मग वर्षभर पुन्हा चार माणसं.

या वर्षी त्यांनी होळीच्या आठ दिवस आधी रघूला बोलावलं.

“रघू, यंदा गडगा काढशील तो परत घालू नको.”

रघू खाली बसला. अपघातानंतर भावकीतली सगळी माणसं राजाभाऊंशी दवाखान्यात बोलावं तशा आवाजात बोलत. रघूही तसाच बोलला. “राजाभाऊ, तुझ्यासाठी जीव देईन. पण गुरं शिरतात काजूत.”

“बेडं लाव. बांबू सरकवले की बंद.”

“आज तुझी खुर्ची जाईल. उद्या खालची चार घरं रिक्षा मागतील. परवा वहिवाट लागेल. मग माझ्या सातबाऱ्यावर तुमची नावं बघत बसू?”

“मी खुर्चीतून सातबारा पळवणार?”

“तू नाय रे. तू बिचारा.” रघूने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. राजाभाऊंना तो कळला नाही, दिसला. “तुझं देव बघतोय. दरवर्षी आपण गाऱ्हाणं घालतो ना? एक दिवस तू चालतच येशील बघ.”

“मग चालत येईन तेव्हा गडगा चढून येईन. तोवर उघडा ठेव.”

रघू उठला. “चहा नको, घाईत हाय,” म्हणाला. चहा कोणी विचारला नव्हता.

गाऱ्हाण्याची गोष्ट खरी होती. पालखी अंगणात टेकली की दादू गुरव देवासमोर उभे राहून घरातल्यांची अडचण देवाला मोठ्याने सांगत आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसं एका आवाजात “व्हय म्हाराजा!” म्हणत. राजाभाऊंच्या अंगणात अकरा वर्षं एकच वाक्य होतं : राजाच्या पायात बळ घाल. वाडी मनापासून ओरडे. नंतर चौघे राजाभाऊंना उचलून पालखीच्या पाया पडायला नेत आणि म्हाताऱ्या बायका डोळे पुसत.

“अकरा वर्षं एकच अर्ज,” राजाभाऊ एकदा कुसुमला म्हणाले होते. “पंचायतीत असता तर मी केव्हाच दुसऱ्या टेबलाकडं गेलो असतो.”

“देवाला असं बोलू नये,” कुसुम म्हणाली होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “दुसरं टेबल कुठलं पण?”

यंदा पालखी मधल्या वाडीत यायच्या दिवशी दादू गुरवांचा आवाज गेला. वय एकाहत्तर, पाच दिवसांत तीन वाड्या आणि ऐंशी-नव्वद गाऱ्हाणी. सकाळी उठले तर तोंडातून नुसती हवा. वाडीने अर्ध्या तासात सगळी सोय केली. एका घरातून आलं-मध आलं, दुसऱ्या घरातून ज्येष्ठमध. मुंबईहून आलेल्या राकेशला त्यांच्या तोंडाशी कान लावून चालायचं काम मिळालं : दादू कुजबुजणार, राकेश मोठ्याने सांगणार. राकेश कंपनीत सुपरवायझर होता, त्याचा आवाज ओरडायच्या सवयीचा होता. दादूंकडे कुणी आवाज गेल्याचा दाखला मागितला नाही. त्यांना शालही दिली नाही. राजाभाऊंनी हे नीट पाहून ठेवलं.

पहिल्या दोन घरांत राकेशने गाऱ्हाणं सांगितलं. एका घरी सुनेचं नाव चुकलं, दुसऱ्या घरी कर्जाऐवजी बाळंतपणाला यश मागितलं. माणसं तरीही “व्हय म्हाराजा” म्हणाली. नंतर त्या घरच्या सासूने भांडण काढलं. त्यामुळे साडेअकराला पालखी उघड्या गडग्यातून राजाभाऊंच्या अंगणात आली तेव्हा राकेश घामाघूम होता.

स्पीकर राजाभाऊंचा होता. माईकही त्यांच्याच मांडीवर होता, कारण त्याची वायर सकाळपासून खरखरत होती.

“दादूकाका,” राजाभाऊ म्हणाले, “माझ्या अंगणातलं गाऱ्हाणं मीच घालतो. तुमी फक्त हात वर करा.”

दादूंनी विचार केला, मग राकेशच्या कानात काही सांगितलं.

“दादूकाका म्हणतायत, यजमानाने घातलं तर चालतं. यांच्या बापानं पण एकदा घातलं होतं,” राकेश म्हणाला आणि हायसं वाटून कडेला पाणी प्यायला गेला.

पालखी पाटावर टेकली. ढोल थांबला. कुसुमने ओटी भरली. अंगणात साठ-सत्तर माणसं होती. रघू निशाण धरून पुढेच उभा होता. राकेशच्या भावाने मुंबईतल्या मंडळींसाठी मोबाईल वर धरला. राजाभाऊंनी माईकवर टिचकी मारली आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! या वाडीच्या राखणदारा! गोताडांच्या अंगणात आज आलास, गोड मानून घे!”

“व्हय म्हाराजा!”

“चाकरमानी आलेत, त्यांना सुखरूप परत पोचव!”

“व्हय म्हाराजा!”

“आंब्याला मोहर राहू दे, वानरांना दुसऱ्या वाडीची वाट दाखव!”

“व्हय म्हाराजा!” हे जरा जोरात झालं.

राजाभाऊंना लय सापडली. वाक्य किती लांब ठेवायचं, शेवटी आवाज कुठे चढवायचा, हे लहानपणापासून कानात होतं. आवाज चढला की अंगण आपोआप तोंड उघडत होतं.

“मोबाईलला रेंज दे! एसटी वेळेवर येऊ दे!”

“व्हय म्हाराजा!”

“राजाच्या पायांचं जे गाऱ्हाणं अकरा वर्षं घातलंय, ते आज मागं घेतलंय!”

“व्हय म्हाराजा!”

“त्या कामातून तुला मोकळा केलाय!”

“व्हय म्हाराजा!”

कुसुमने मान वर केली. बाकी कुणी केली नाही.

“तुझ्या वाटेवरचा रघूचा गडगा आज काढलाय! तो परत घालायचा नाय!”

“व्हय म्हाराजा!”

“शिमगा सरला तरी नाय, पाऊस आला तरी नाय! त्या वाटेनं माझी खुर्ची जाईल-येईल!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि जो कोण दगड परत ठेवील, त्याचं तू बघून घे!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटच्या वेळी सगळ्यात मोठा आवाज रघूचा होता. तो निशाण धरून उभा होता, डोळे मिटलेले होते आणि मन काजूत होतं.

राजाभाऊंनी माईक बंद केला. एरवी याच क्षणी ढोल वाजायचा. ढोलवाला काठी उचलून थांबला होता, कारण त्याने ऐकलं होतं. हळूहळू बाकीच्यांनाही आपण काय म्हणालो ते ऐकू येऊ लागलं. मागच्या रांगेतलं कोणी तरी फिसकन हसलं.

“काय म्हणाला तो?” रघूने शेजाऱ्याला विचारलं. शेजाऱ्याने सांगितलं.

रघूने निशाण दुसऱ्याच्या हातात दिलं. “हे धरायचं नाय! फसवणूक हाय ही! मी ऐकलंच नव्हतं!”

दादूंनी राकेशला बोटाने बोलावलं. राकेशने कान लावला.

“दादूकाका म्हणतायत, ऐकलं नव्हतंस तर व्हय कशाला म्हटलंस?”

“सगळे म्हणतात म्हणून!”

कुजबुज.

“दादूकाका म्हणतायत, म्हणजे चाळीस वर्षं मी घसा फोडतोय आणि तू ऐकत नायस?”

“तसं नाय, काका...”

“तुझ्या पोराच्या नोकरीचं गाऱ्हाणं घातलं तेव्हा तरी ऐकलंस काय, असं विचारतायत.”

अंगण आता उघड हसत होतं. रघूने सभोवार पाहिलं. “तुमी पण व्हय म्हणालात! तुमच्या बागेतून वाट मागितली असती तर?”

प्रश्न बरोबर होता. वाडीतल्या प्रत्येकाच्या मनात आपापला गडगा येऊन गेला आणि तो रघूचा होता याचं प्रत्येकाला बरं वाटलं.

“देवळात कौल लावू,” रघू म्हणाला. “देव म्हणेल तसं.”

या वेळी दादू बराच वेळ कुजबुजले. मध्ये खोकले. राकेश ऐकता ऐकता गंभीर झाला.

“दादूकाका म्हणतायत, देव इथं समोर बसलाय. त्याच्या तोंडावर एकदा म्हणालास. आता देवळात जाऊन परत विचारायचं, म्हणजे देवाला ऐकू येत नाय असं म्हणायचं. तुला तसं म्हणायचं असेल तर आत्ता, त्याच्यासमोर म्हण.”

रघूने पालखीकडे पाहिलं. चांदीची रूपं उन्हात चकाकत होती. त्यांच्या चेहऱ्यावरून काही अंदाज येत नव्हता.

“मी कुठं तसं म्हणालो,” रघू म्हणाला.

ढोल वाजला.

त्या दुपारी पालखी पुढच्या वाडीला गेली आणि रघू गडग्यापाशी आला. दगड रचून ठेवलेले होते तिथेच त्यांच्यावर बसला. राजाभाऊ खुर्ची घेऊन समोर आले. मध्ये चार फूट दोन इंच होते.

“माझ्याशी असं वागलास,” रघू म्हणाला. दवाखान्याचा आवाज गेला होता.

“आधी नीट विचारलं होतं.”

“वहिवाट मी लावून देणार नाय. लिहून दे.”

“लिहून देतो. वाट देवाची हाय. माझा काय संबंध? मी त्याच्या मागनं जातो.”

“देव वर्षातनं एकदा जातो.”

“त्याला यायचं असतं तेव्हा. मला जायचं असतं तेव्हा मी जाईन.”

रघूने एक खडा उचलून लांब फेकला. “बेडं लावणार मी. गुरांचं काय ते बघायला पाहिजे.”

“लाव. पण बांबू माझ्या छातीच्या वर नको. मला बसून सरकवता आले पाहिजेत. आणि खालचा बांबू पूर्ण निघाला पाहिजे, नाय तर चाक अडकेल.”

“आणि काय? रंग कुठला देऊ?”

“रंग नको. हाताला लागतो.”

बेडं लावायला रघूला पाच दिवस लागले. पहिल्या खेपेला त्याने बांबू इतके घट्ट बसवले की ते रघूलाही सरकेनात. राजाभाऊंनी भोकं तासून दिली. मधल्या काळात त्या वाटेने सगळ्यात आधी गेले ते दादू गुरव. गुडघ्यांमुळे गेली चार वर्षं खालच्या घरांकडे येताना ते पाखाडी आडवे होऊन, एकेक पायरी बसत उतरत होते आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचा आवाज तोपर्यंत परत आला होता आणि हातात काठी आली होती. “काठी मानाची हाय,” राजाभाऊंनी विचारलं नसतानाच त्यांनी सांगितलं. “गुरवाकडे असते.” आणि वाटेने सावकाश, छाती काढून वर गेले.

सहाव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दहाला कुसुम तांदूळ निवडत होती. राजाभाऊ ओटीच्या उतारावरून अंगणात आले, बेड्याचे तीन बांबू एकेक करून सरकवले आणि निघाले. साडेतीनशे फुटांना त्यांना अठरा मिनिटं लागली. मध्ये दोनदा थांबले. एका ठिकाणी माती भुसभुशीत होती, ती पावसाळ्यात त्रास देणार हे त्यांनी लक्षात ठेवलं.

स्टॉपवर गंगुबाईची चहाची टपरी होती. तिने राजाभाऊंना पाहिलं आणि मग त्यांच्या मागे पाहिलं.

“बाकीचे कुठं?”

“कोण बाकीचे?”

“आणलं कोणी तुमाला?”

“कोणी नाय. चहा दे.”

तिने चहा दिला, तरी पाखाडीच्या तोंडाशी जाऊन एकदा खाली बघून आली.

पुढच्या दीड तासात सातजणांनी राजाभाऊंना विचारलं की दवाखान्यात जायचंय का. तिघांनी फोन लावून देऊ का विचारलं. एकाने न विचारता खुर्ची ढकलायला सुरुवात केली आणि सावलीतून उन्हात नेऊन ठेवली. राजाभाऊ परत सावलीत आले. देवरूखची एसटी आली. कंडक्टर दारातून वाकला.

“यायचंय काय?”

राजाभाऊंनी एसटीच्या पायऱ्या मोजल्या. तीन होत्या, पहिली गुडघ्यापेक्षा उंच.

“आज नाय,” ते म्हणाले. “आज नुसता बसलोय.”

“नुसते?” कंडक्टरने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता घंटी मारली.

साडेअकराच्या सुमारास राजाभाऊंना स्पष्ट कंटाळा आला. रस्त्यावर काहीच घडत नव्हतं. एक कुत्रा होता, तो झोपला होता. त्यांनी दुसरा चहा घेतला आणि कंटाळा चांगला अर्धा तास पुरवला.

बाराला फोन वाजला. रघू होता.

“राजा, मेल्या! बेडं उघडं टाकून कुठं तडफडलास? गाय शिरली काजूत! दोन कलमं खाल्लीन! अक्कल गहाण ठेवलीस काय?”

अकरा वर्षांत राजाभाऊंना कोणी मेल्या म्हटलं नव्हतं. त्यांनी फोन कानापासून लांब धरून सगळं ऐकून घेतलं.

“चूक झाली,” ते म्हणाले. “येतो.”

उतरताना चाकं हाताने रोखत यावं लागलं, तळवे भाजले. गाय तोपर्यंत बाहेर काढलेली होती आणि रघू कलमांपाशी उभा राहून अजून बोलत होता. राजाभाऊंनी त्याच्यासमोर तिन्ही बांबू एकेक करून परत सरकवले. रघूने नीट बसले की नाही ते हलवून पाहिलं.

कुसुम ओटीवर उभी होती. तिने परसात, विहिरीपाशी, मागच्या पडवीत शोधलं होतं. रघूचं ओरडणं ऐकूनही तिला नेमकं काही कळलं नव्हतं. तिच्या हातात अजून सूप होतं.

“कुठं गेला होतात?”

विचारून झाल्यावर ती स्वतःच थबकली. हा प्रश्न तिने लग्नानंतर पहिली पंधरा वर्षं रोज विचारला होता, बहुतेक वेळा रागाने. नंतरची अकरा वर्षं तिला कधी विचारावा लागला नव्हता. ते कुठे आहेत हे तिला नेहमी माहीत असे.

“असाच,” राजाभाऊ म्हणाले.

“असाच म्हणजे कुठं? भात निवला सगळा. माणसानं सांगून जायचं असतं.”

राजाभाऊंनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि ताटावर आले. तिने वाढता वाढता तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी जरा चढ्या आवाजात. त्यांनी आमटी भातावर घेतली आणि सावकाश भात कालवायला घेतला.